मागचा फरा

मोंटानातल्या केटल खोऱ्याच्या तोंडाशी पाइनच्या दोन जुन्या झाडांमध्ये एक आडवी बल्ली बांधलेली आहे. ती एमेट स्कोगनच्या बापाने बांधली. दोर अधूनमधून बदलतात, बल्ली तीच. एल्क मारला की त्याचे चार फरे, म्हणजे खांदे-मांड्यांसकट चारही पाय, सुटे करायचे, पाठीवरून आणून त्या बल्लीला टांगायचे आणि वाऱ्याने वरून कोरडे झाले की खेचरांवर लादून खाली ब्रिस्टो गावात न्यायचे. सांबराच्या कुळातलंच जनावर ते, पण अंगाने घोड्याएवढं. एक नर पडला म्हणजे एमेट, त्याची मुलगी सिग्रिड आणि तिची दोन पोरं यांचा हिवाळा निघायचा, आणि चर्चमधल्या दोन विधवांच्या घरीही वाटा जायचा. नर पडला नाही त्या हिवाळ्यात शेंगांचा रस्सा आणि बटाटे, बटाटे आणि शेंगांचा रस्सा.

खोरं एमेटचं नव्हतं. एकट्याचं कुणाचंच नव्हतं. सरकारी जमीन; ज्याला पाय आहेत त्याने चढावं. डोंगराच्या पलीकडे नदीच्या काठाने गुरं पाळायची मोठी रँच होती, ती परगावच्या एका धनवानाने घेतली होती. पण तो नदीपलीकडे, हे अलीकडे. मध्ये डोंगर होता आणि देवाने डोंगर उगाच ठेवलेला नाही, असं गावात सगळे मानत.

त्या साली बर्फ लवकर आलं. शनिवारी दुपारी तंबूतल्या लोखंडी चुलीवर कॉफी उकळत होती. क्लीट मार्सडेन खोगिराचा तुटलेला पट्टा शिवत बसला होता. हा एमेटचा लहानपणापासूनचा सोबती. तोंडाने फाटका, हाताने चांगला. पलीकडे पाद्री लेम्युएल आपल्या छोट्या हातपेटीचा भाता चुलीजवळ धरून गरम करत होते. थंडीने तिचे सूर बसत. पाद्रीबुवा प्रवचन द्यायचे ते अर्धं बोलून, अर्धं गाऊन. ब्रिस्टोच्या आसपास जी माणसं चर्चला एरवी फिरकत नाहीत, तीसुद्धा त्यांचं गाणं ऐकायला मागच्या बाकावर येऊन बसत आणि डोळे पुसत घरी जात.

रेडिओवर राजधानीतल्या बातम्या चालल्या होत्या. नवा गव्हर्नर एकेका खात्यावर आपली माणसं बसवत होता.

"ऐकलंस?" क्लीट सुई दातात धरून म्हणाला. "वन्यजीव मंडळावर कोण, तर सिमेंटवाला. आता हरणांना प्लास्टर करील."

सिग्रिड कणीक मळत होती. ती म्हणाली, "क्लीटकाका, त्या गव्हर्नरला मत तुम्हीच दिलंत ना?"

"दिलं की. मत दिलं म्हणून तोंडपण देऊन टाकलं काय?"

"म्हणजे मतही तुमचं आणि शिव्याही तुमच्याच."

"त्यालाच लोकशाही म्हणतात, पोरी."

पाद्री हसले. एमेट हसला नाही. तो गुडघ्याला गरम फडकं लावून बसला होता. उजवा गुडघा मागच्या वर्षीपासून चढावर कुरकुरायचा.

"सिमेंटवाला असो नाहीतर कोण असो," एमेट म्हणाला, "जमिनीच्या कचेरीवर आपला माणूस आहे. तेवढं पुरे."

आपला माणूस म्हणजे अँडर्स. एमेटच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा पोर एवढंसं होतं. ते एमेटच्याच घरात वाढलं, सिग्रिडच्या बरोबरीने, एकाच ताटात. पुढे शिकला, वकील झाला, राजधानीत राहायला गेला. पण दर हंगामात या तंबूत यायचा. गव्हर्नरने त्याला राज्याच्या जमीन कचेरीचा प्रमुख नेमायचं ठरवलं तेव्हा गावागावात चौकशीच्या सभा झाल्या. ब्रिस्टोच्या हॉलमध्ये लोक कुरकुरले होते. वकील आहे, मोठ्यांच्यात उठबस आहे, कशावरून आपला राहील? तेव्हा एमेट उठून उभा राहिला. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस. टोपी हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "हा पोरगा जखमी जनावर सोडत नाही. एकदा दुसऱ्याच्या गोळीने जखमी झालेल्या नरामागे दोन दिवस हिंडला, पाय सुजले तरी. आणि ओझं उचलायची वेळ आली की मागचा फरा हाच उचलतो. मी याचा जामीन."

मागचा फरा सगळ्यात जड. तो आपणहून उचलणारा माणूस खोटा निघत नाही, हे त्या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कुरकुर संपली. येत्या गुरुवारी त्याच हॉलमध्ये अँडर्सचा सत्कार होता आणि पहिलं भाषण एमेटचं होतं. पंधरा दिवस तो खेचरांना दाणा घालताना ते भाषण पुटपुटत होता.

"आपला माणूस!" क्लीट म्हणाला. "एमेट, खुर्ची फार वाईट वस्तू रे. माणूस बसतो बुडाने, पण खुर्ची डोक्यात जाते."

"अँडर्सच्या नाही जाणार."

"नसेल जात. पण मी म्हणतो, गेली तरी काय बिघडलं? सरकारी जमीन म्हणजे धर्मशाळेची घोंगडी. पांघरतात सगळे, धूत कुणी नाही. वरच्या अंगाला अर्धं जंगल किड्यांनी वाळलंय. आडवी झाडं कोण उचलतो? रस्ता धुऊन गेला, कोण बांधतो? तीन खाती, तीन साहेब, तिघंही ऑफिसात गरम. कुणा एकाची असती तर निदान कुंपण तरी नीट राहिलं असतं."

"घोंगडी कुणी धूत नाही म्हणून ती एकाच्या घरी देऊन टाकायची?" एमेट म्हणाला. "मग थंडीत बाकीच्यांनी काय करायचं?"

"त्याच्या दारात जाऊन मागायची."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"तर तुझा भाचा आहे ना साहेब! त्याला सांग," असं म्हणून क्लीटने दोरा दाताने तोडला. "मला आपलं एवढंच ठाऊक की कुंपणच शेत खायला लागलं तर ओरडायचं कुणाकडे? मी कुणाच्या बाजूचा नाही बाबा. मी पट्ट्याच्या बाजूचा."

"क्लीटकाका, पट्टा उलटा शिवलाय तुम्ही," सिग्रिड म्हणाली.

क्लीटने पाहिलं. खरंच उलटा शिवला होता. त्यावर तंबू हलेपर्यंत सगळे हसले.

अंधार पडायच्या आत अँडर्स आला. गावातून भाड्याचा घोडा घेऊन एकटाच वर चढला होता. एमेट लंगडत बाहेर धावला आणि त्याने भाच्याला घोड्यावरून जवळजवळ ओढूनच खाली घेतलं.

"साहेब आले! साहेब आले!" क्लीटने सलाम ठोकला. मग खाली पाहत म्हणाला, "अरे, बूट काय हे! तळव्याला चांदण्या कोरल्यात. राजधानीत चांदण्या घालून चालतात?"

बूट नवे कोरे होते. तळव्यावर टोकदार नक्षी होती, बर्फात तिचा चांदण्यांसारखा ठसा उठत होता. अँडर्स हसला, पण त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता. पाठीवर मात्र जुनीच ओझ्याची चौकट होती. अॅश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची, कॅनव्हासच्या पट्ट्यांची, एमेटने त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने केलेली. पट्ट्या जुन्या रक्ताने काळ्या पडल्या होत्या.

"मामा, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं," घोडा बांधता बांधता तो म्हणाला.

"बोलू रे, निवांत बोलू. आधी खा. सिग्रिड, ताट! आणि हे बघ, गुरुवारी मी काय बोलणार ते आत्ता विचारायचं नाही. तिथेच ऐकायचं."

अँडर्सने घोड्याचा दोर पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग तो आत येऊन बसला. सिग्रिडने त्याच्या ताटात रस्सा वाढला तेव्हा तो म्हणाला, "पोरं कशी आहेत गं?" ती म्हणाली, "तुझ्या नावाने शाळेत भाव खातात. आमचा मामा साहेब आहे म्हणून." तो खाली मान घालून जेवला.

रविवारी सकाळी या तंबूतून कुणी बंदूक उचलत नाही. आधी देव, मग एल्क, हा एमेटच्या बापाचा नियम. बल्लीखाली बर्फ झाडून पाचजण ओंडक्यांवर बसले. पाद्रीबुवांनी हातपेटी मांडीवर घेतली. बाहेर एवढी थंडी की श्वासाची वाफ भात्यातून येतेय की तोंडातून, ते कळत नव्हतं. पण आवाज लागला आणि खोरं भरून गेलं.

"आज आपल्यातल्या एकावर राखणीचं काम आलंय," ते म्हणाले. "म्हणून गोष्ट राखणदाराची."

मग ते गात गात सांगू लागले. एका धन्याने गुराख्याला झरा राखायला ठेवलं. गुराखी इमानी. पाणी गढूळ होऊ नये म्हणून त्याने भोवती दगडाचं कडं केलं. बरं केलं. रात्री कोल्हे येऊ नयेत म्हणून दार लावलं. तेही बरं केलं. मग दाराची किल्ली हरवू नये म्हणून गळ्यात बांधली. आणि मग किल्लीसाठी माणसं त्याच्या गळ्यात पडायला लागली.

दर कडव्याला पाद्री पेटी थांबवून विचारत:

"पाणी कुणाचं रे, पाणी कुणाचं?"

आणि सगळ्यांनी म्हणायचं:

"तहानेल्याचं, देवा, तहानेल्याचं!"

एमेटचा आवाज फाटका, पण तो सगळ्यांच्या वर जायचा. सिग्रिडचे डोळे मिटलेले. क्लीट बर्फावर टाच मारून ठेका धरत होता. देवाचं नाव असं उघड्यावर, वाफेसकट वर जाताना पाहिलं की माणसाला आपण एवढेसे असल्याची लाज वाटत नाही. उलट बरंच वाटतं.

तिसऱ्या कडव्याला सिग्रिडने डोळे उघडले. शेजारी अँडर्स म्हणत नव्हता. ओठ मिटून बल्लीकडे बघत होता. तिला वाटलं, त्याला आईची आठवण आली असेल.

प्रवचनानंतर सगळे पांगले. अंगात नारिंगी जाकिटं घातली. शिकाऱ्याने शिकाऱ्याला जनावर समजू नये म्हणून कायद्याने घालावी लागतात ती. सिग्रिडला दुपार कलताना उतारावर नर दिसला. शिंगं एवढी की ती झाडाचीच फांदी वाटली. ती गुडघ्यावर बसली. बोटं बधिर झाली होती. तिने श्वास सोडता सोडता बंदुकीचा घोडा ओढला, आणि त्याच क्षणी जनावराने एक पाऊल पुढे टाकलं.

गोळी मागे लागली. आवाजावरूनच तिला कळलं. ओला, पोकळ आवाज. नर पाठीत वाकला आणि झाडीत शिरला.

एमेट आला तेव्हा ती बर्फावर वाकून बसली होती. रक्त काळपट होतं, त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा चोथा. एमेटने बोटावर घेऊन हुंगलं आणि बोट बर्फाला पुसलं.

"पोटात," ती म्हणाली. "बाबा, पोटात लागली."

एमेट रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आत्ता मागे लागलो तर डोंगर ओलांडील. निजू दे त्याला. पहाटे जाऊ."

संध्याकाळी तंबूत सिग्रिडने ताट बाजूला सारलं. पोटात गोळी घेऊन कुठेतरी एक जीव थंडीत कण्हत होता, आणि ते कण्हणं आपल्या हाताने त्याला दिलेलं. अँडर्स तिच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मी येतो उद्या. मिळेपर्यंत सोडायचं नाही. मामांचा नियम आहे."

एमेटने मान वर करून भाच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पंधरा दिवस पाठ केलेलं अख्खं भाषण होतं.

सोमवारी उजाडताच पाद्रींना खेचरांपाशी ठेवून चौघे निघाले. सिग्रिड पुढे, कारण गोळी तिची. वाळून आडव्या पडलेल्या झाडांचा सडा. एक पाय वर, एक पाय खाली, खेचराने यावं अशी ती वाटच नव्हती. एमेट प्रत्येक ओंडक्यावर हात टेकून पाय पलीकडे टाकत होता. कुठे रक्ताचा थेंब, कुठे नर बसला त्या जागी वितळून पुन्हा गोठलेला बर्फाचा खळगा. तीन ठिकाणी तो बसला होता. तीन वेळा उठला होता.

डोंगराच्या खांद्यापाशी सिग्रिड थांबली. समोर झाडांतून नारिंगी दिसत होतं.

"बाबा, कुणीतरी उभं आहे," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या शिकाऱ्यांनी गाठलं वाटतं त्याला."

तिने हात वर करून हलवला. समोरून कुणी हात हलवला नाही. ती पुढे गेली. मग पावलं मंद झाली. ते जाकीट नव्हतं. झाडाच्या बुंध्यावर हातभर नारिंगी पट्टा मारला होता. त्याच्या पलीकडच्या झाडावर दुसरा. त्याच्या पलीकडे तिसरा. डोंगराच्या खांद्यावरून खाली खोऱ्यात, जिथवर नजर जात होती तिथवर, एकेका झाडावर रंग. अजून चिकट. खालच्या बर्फावर त्याचे थेंब ओघळलेले.

मोंटानात हा रंग वाचायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. खाजगी जमीन. पाऊल टाकू नका.

"हे काय?" एमेट म्हणाला. त्याने हातमोजा काढला आणि रंगाला बोट लावलं, काल रक्ताला लावलं होतं तसंच. बोट नारिंगी झालं. "कुणी मारला हा? रँचची हद्द नदीला आहे. नदी कुठे, हे कुठे! अँडर्स, हे बघ काय करून ठेवलंय भामट्यांनी. तू साहेब आहेस ना? नोटीस काढ यांच्यावर!"

अँडर्स रंगाकडे न बघता बुटाने बर्फ उकरत होता.

"अरे, बघ ना!"

"मामा," अँडर्स म्हणाला. "भामट्यांनी नाही केलं. अदलाबदल झालीय. शनिवारी तेच सांगायला आलो होतो."

"कसली अदलाबदल?"

"हा भाग रँचला गेला. बदल्यात खाली मैदानात तेवढीच जमीन राज्याला मिळाली. एकराला एकर आहे, मामा. वरून हुकूम होता, पहिल्या महिन्यात काहीतरी करून दाखवा म्हणून. माझ्यासमोर कागद आला."

"मैदानात? ती खारी जमीन?" क्लीट म्हणाला. "तिथे ससासुद्धा डबा घेऊन येतो."

कुणी हसलं नाही. क्लीटही नाही.

एमेट रंगाच्या ओळीकडे बघत होता. नजर खाली खाली गेली, खोऱ्याच्या तोंडापर्यंत, जिथे पाद्रींच्या चुलीचा धूर दिसत होता.

"आणि बल्ली?" त्याने विचारलं.

अँडर्सने ओठांवरून जीभ फिरवली. "बल्ली आत येते. पण हा हंगाम तुम्हाला सूट आहे, मी तेवढं घालून घेतलंय. पुढच्या वर्षीपासून..."

"सही कुणाची?"

"मामा, मी नसती केली तर दुसऱ्याला बसवून..."

"मी विचारलं, सही कुणाची?"

"माझी."

एमेट खाली बसला. त्याने ओंडक्याला धरलं. वाऱ्याने पाइनवरचं बर्फ त्याच्या टोपीवर सांडलं, ते त्याने झाडलं नाही. माणसाच्या डोळ्यांदेखत घर जळालं तर तो ओरडतो तरी. एमेटच्या तोंडातून वाफसुद्धा येत नव्हती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. लांब, जड उसासा.

नर तिथेच होता. रंगाच्या ओळीपासून हाकेच्या अंतरावर, पडलेल्या झाडाला पाठ टेकून. पाय दुमडलेले. त्याने मान उचलली, शिंगांच्या भाराने ती पुन्हा खाली गेली. पुन्हा उचलली. डोळे यांच्याकडेच.

सिग्रिडने पाऊल उचललं.

"थांब!" अँडर्स म्हणाला. "सिग्रिड, पाऊल टाकू नकोस. लायसन्स जाईल. बंदूक जाईल. इथून गोळीही घालता येत नाही पलीकडे. मी परवानगी घेतो. वर टोकावर फोन लागतो. दोन मिनिटं."

तो चांदण्यांचे ठसे उठवत धावत वर गेला. तिघे उभे राहिले. वाऱ्यावर त्याचा आवाज तुकड्यातुकड्यांत येत होता. आधी साहेबाचा आवाज होता. मग विनवणीचा झाला. मग नुसतं "हो, हो, समजलं." नराने मान पाचसहा वेळा उचलली. सिग्रिड दर वेळी तोंड फिरवायची आणि पुन्हा बघायची.

अँडर्स परत आला. "मालक विमानात आहेत. मॅनेजर म्हणतो, उद्या सकाळी फोन करा."

"उद्या," एमेट म्हणाला. "सांग त्याला तसं. जा, त्या जनावराला सांग, उद्या सकाळपर्यंत दम धर म्हणून."

"मामा, मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"तुला कळतं. तेच तर." एमेट ओंडक्याला धरून उठला. "दुसऱ्याच्या गोळीमागे दोन दिवस हिंडला होतास. मी लोकांना सांगितलं होतं ते."

"तेव्हा मी शपथ घेतलेली नव्हती!"

त्याचा आवाज फाटला. पोरासारखा. त्याच्या जाकिटाचा नारिंगी आणि मागच्या झाडावरचा नारिंगी एकच दिसत होता.

सिग्रिड त्याच्या बाजूने गेली. थांबली नाही. "गोळी माझी आहे, दादा," एवढंच म्हणाली आणि ओळ ओलांडून पलीकडे गेली. तिच्यामागे एमेट, लंगडत. क्लीटने अँडर्सकडे पाहिलं, थुंकायला तोंड भरलं, पण गिळलं.

"मी परवा घोंगडी एकाच्या घरी द्या म्हणत होतो ना," तो म्हणाला. "त्याच्या दारात उभं राहून नव्हतं पाहिलं." आणि तोही गेला.

गोळीचा आवाज एकदाच झाला. खोऱ्याने तो दोनदा म्हटला.

सिग्रिडने नराच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग एमेटने सुरी काढली. सगळं नेहमीसारखं झालं. हातांना दुसरं काही येत नव्हतं. आधी आतडी, मग कातडं, मग पुढचे दोन फरे, मग मागचे दोन. रक्ताची ऊब बोटांना बरी वाटत होती आणि त्याचीही लाज वाटत होती. ओळीच्या अलीकडे अँडर्स उभा होता, झाडासारखा.

फरे चार. पाठी तीन. एमेटने पुढचा एक घेतला, सिग्रिडने दुसरा, क्लीटने मागचा एक. चौथा, मागचाच, मोठा, त्यांनी कापडात गुंडाळून बर्फावर ठेवला. वर्षानुवर्षं तो ज्याचा होता तो हाकेच्या अंतरावर उभा होता. एमेट ओझं घेऊन त्याच्या अगदी जवळून गेला. दोघांच्या बाह्या एकमेकांना लागल्या. एमेटने मान वळवली नाही. अँडर्सने हात पुढे केला, ओझ्याखाली द्यायला, आणि एमेट पुढे निघून गेला तेव्हा हात तसाच राहिला.

तंबूशी पाद्रीबुवा वाट बघत होते. तिघांची तोंडं पाहून त्यांनी विचारलं नाही. सिग्रिडनेच सांगितलं. पाद्री बल्लीकडे बघत राहिले, आणि मग कालच्या ओंडक्यावर बसून म्हणाले, "आणि मी त्याच्यासमोर झऱ्याची गोष्ट गायलो. देवा, मी त्याचं कौतुक म्हणून गायलो रे."

फरा मागे ठेवायचा नसतो. कोल्हे येतात. एमेट आणि सिग्रिड पुन्हा निघाले. क्लीटला धाप लागली होती, त्याला पाद्रींनी बसवलं.

"तुम्ही नका येऊ, बाबा. गुडघा..."

"चल."

उन्हं कलताना दोघे रंगाच्या ओळीपाशी पोचले. अँडर्स नव्हता. आणि पलीकडे, जिथे फरा ठेवला होता, तिथे नुसता खळगा होता.

फरा अलीकडे होता. एका झाडाला टेकून उभा. अॅश लाकडाच्या चौकटीला बांधलेला, कॅनव्हासच्या काळ्या पट्ट्या व्यवस्थित वर, पाठीला लावायला तयार. दोराला गाठ एमेटने शिकवलेलीच, ओझं हललं तर घट्ट होणारी.

बर्फावर चांदण्यांचे ठसे होते. ओळीच्या पलीकडे जाणारे. तिथून परत येणारे, ते खोल, ओझ्याखाली दबलेले. आणि मग झाडापासून डोंगराच्या दुसऱ्या अंगाने, गावाच्या वाटेला लागलेले, हलके; भाड्याचा घोडा तंबूशीच सोडून.

"बाबा!" सिग्रिड ठशांपाशी गुडघ्यावर बसली. "तो गेला होता. बघा ना! आपण गेल्यावर दादा पलीकडे गेला. त्याने आणला. त्याने ओलांडली."

एमेट ठशांकडे बघत होता. सकाळपासून त्याच्या चेहऱ्यावर जे गोठलं होतं ते आता हललं, पण ती सिग्रिडला वाटली तशी ऊब नव्हती. हा धक्का सकाळच्यापेक्षा खोल गेला होता. सकाळी त्याला वाटलं होतं, आपण पोराला ओळखलंच नाही. आता कळलं की बरोबर ओळखलं होतं, आणि तरी त्या पोराने सही केली होती.

"कुणी नसताना," तो म्हणाला.

"हो, पण..."

"मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर जामीन राहिलो, सिग्रिड. याने कुणी नसताना ओलांडली." तो जरा थांबला. "गुरुवारी जाईन मी हॉलमध्ये. पहिलं भाषण माझंच आहे. माझा शब्द मी दिला होता, मीच परत घेईन. त्याच्यासमोर. बल्लीचं काय झालं तेही सांगेन."

"आणि फऱ्याचं?"

एमेटने पाइनची एक खालची फांदी मोडली. ओळ ओलांडून तो पलीकडे गेला, दुखरा पाय ओढत, थेट त्या खळग्यापर्यंत. तिथून उलटा चालत चालत तो फांदीने बर्फ झाडू लागला. एकेक चांदणी. खोल उठलेल्या ठशांवर त्याने बुटाने बर्फ लोटलं, वरून फांदी फिरवली. लहान मूल झोपल्यावर त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. ओळीच्या अलीकडे आला तरी तो थांबला नाही, झाडापर्यंत सगळं पुसलं.

जनावराचं फोनवर कळलं होतं; रँचचा मॅनेजर उद्या बघायला येणारच होता. रक्त, आतडी, कातडं, सगळं तिथे पडलेलं त्याला दिसणार होतं. आणि तीनच माणसांची पावलं.

"बाबा, आणि आपले ठसे?" सिग्रिडने विचारलं.

"राहू देत," एमेट म्हणाला.

त्याने फांदी टाकली, चौकटीकडे पाठ केली, खाली बसला आणि पट्ट्यांत हात घातले. पट्ट्या अँडर्सच्या मापाच्या होत्या, त्याला सैल झाल्या. सिग्रिडने मागून रेटा दिला. गुडघा एकदा लटपटला, दुसऱ्यांदा लटपटला, आणि तिसऱ्या खेपेला एमेट मागचा फरा पाठीवर घेऊन उभा राहिला.